एकवीरेच्या पायऱ्या

आमचा रमेश खोटं बोलायचं असलं की फार गोड बोलतो, म्हणून त्यानं पेढा पुढे केला तेव्हाच मला शंका आली. नातवाला महाप्याच्या कंपनीत नोकरी लागावी म्हणून मी कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलले होते, की लेक-सून पायऱ्या चढून ओटी भरतील. नोकरी लागली. पहाटे गेलेली ही दोघं जेवायच्या वेळेला घरात हजर.

"आई, पेढा घे गं. मस्त दर्शन झालं."

"गर्दी नव्हती?"

"अजिबात नाय."

"बरं, जेवायला बस."

पठ्ठ्या जमिनीवर झटक्यात मांडी घालून बसला. एवढा डोंगर चढलेला माणूस भिंत धरून बसतो.

"रम्या, वर गेलतास का?"

त्यानं मान खाली घातली. "धाप लागते गं. पायथ्याशीच हात जोडले. ओटी एका बाईबरोबर वर धाडली."

सुनेनं हळूच विचारलं, "पन आई, तुमाला कसं समजलं?"

मी आमटी वाढली. रमेशच्या जन्माचा नवस मीही पायथ्यावरूनच फेडला होता. पण घरी आल्यावर सासूसमोर कण्हायचं असतं, एवढी अक्कल मला होती.