जाळीवर उरलेले तुकडे

मुलगी : ...म्हणून तर कागद टेबलावर ठेवलाय, बाबा. वाचा, सही करा, विषय संपला.

वडील : वाचला. ‘दगडाचा नमुना तपासताना लॅबप्रमुखाची चूक झाली.’ लॅबप्रमुख म्हणजे मीच ना गं?

मुलगी : मिलची मोटर दिवसातून चार-पाचदा बंद पडतेय. माझं कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणतं, टनभर खनिज दळायला अकरा युनिट वीज पुरेल. मिल खातेय सतरा. अकराच्या हिशोबानं मोटर बसवली, ती आता धापा टाकतेय. उद्या चौकशीवाले विचारणार, हे अकरा आले कुठून?

वडील : तुझ्या मॉडेलमधून.

मुलगी : मॉडेल काय हवेतून आकडे काढतं? दगड किती कठीण ते तुमच्या लॅबनं सांगायचं. छोट्या मिलमध्ये दळा, चाळा, जाळीवर उरेल ते परत दळायला टाका. तुम्ही उरलेलं बाजूला काढलंत! जे तुकडे फुटत नाहीत नेमके तेच काढले, मग बाकीचा दगड मऊच निघणार ना?

वडील : एकतीस वर्षांत एकदाच केलं. का केलं, ते तुला ठाऊक आहे.

मुलगी : मला काही ठाऊक नाही.

वडील : अगं, असं काय करतेस? मी फोन केला होता तुला. म्हटलं, काही तुकडे फुटता फुटत नाहीत, अजून तीन दिवस लागतील. तू म्हणालीस, सोमवारी साहेबांना मॉडेल दाखवायचंय, तेवढे काढून टाका, पुढचं मी बघते.

मुलगी : फोनवरचं बोलणं कुठे लिहिलेलं असतं का?

वडील : लिहिलंय. ते तुकडे फेकले नाहीत मी. गोणीत भरले, कोणाच्या सांगण्यावरून काढले त्याची चिठ्ठी बांधली, तारीख घातली. उद्या चौकशीवाल्यांपुढे ठेवतो, दळून बघा म्हणावं.

मुलगी : ती गोणी सकाळीच मोठ्या मिलमध्ये ओतायला लावली. चिठ्ठीसकट.

(वडील उठतात, केबिनच्या काचेतून खाली फिरणाऱ्या मिलकडे बघतात, परत येऊन बसतात.)

वडील : केसानं गळा कापलास की गं.

मुलगी : आठ दिवसांत निवृत्त होताय तुम्ही. तुमचं काय जाणार? निरोपाची भाषणं जरा आवरती घेतील, एवढंच. मला अजून पंचवीस वर्षं इथे काढायचीत.

वडील : माझं नाव जाणार. म्हाताऱ्याचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ, असं म्हणतात इथे. दुसरं काय कमावलं मी?

मुलगी : ते नाव घेऊन घरी करणार काय? टीव्हीच बघणार ना?

वडील : आणि नाही केली सही तर?

मुलगी : तर सांगेन, बाबांना हल्ली नीट दिसत नाही, दोन वर्षं त्यांच्या वह्या मीच दुरुस्त करतेय. मग हा एकच आकडा नाही, तुमचे सगळे आकडे उकरून काढतील.

वडील : धडधडीत खोटं आहे हे!

मुलगी : आहेच. पण पोटची पोर सांगतेय म्हटल्यावर खोटं कोण मानेल?

वडील : ...पेन दे.

मुलगी : पूर्ण सही करा. खाली हुद्दा लिहा.

वडील : हं. घे. आता एक कर. आईला यातलं काही बोलू नकोस. तिला खरं काय ते माझ्या तोंडून कळू दे. बाकी कोणी काही म्हणो, तिला माहितेय मी कसा आहे ते.

मुलगी : आईला सकाळीच सांगितलं मी. तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही, त्यातून ही चूक झाली, असं.

वडील : मग? काय म्हणाली ती?

मुलगी : म्हणाली, मला वाटतच होतं.