चित्रातला पंखा

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की आकडा हलेना. तुम्हाला सांगते, आमच्या लसींच्या थंड खोलीचं तापमान एरवी ३.९, ४.१, परत ३.९ असं सारखं चुळबुळत असतं, अगदी माझ्यासारखं, आणि त्या दिवशी सकाळपासून ४.० म्हणजे ४.०. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खोलीचं चित्र हिरवंगार, चित्रातला पंखा गरगर फिरतोय... साहेबांना म्हटलं, आकडा अडकलाय हो. मान वर न करता म्हणाले, "हिरवं आहे ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस?"

आता मी घाबरट, फोन वाजला तरी दचकते, हे सगळ्यांना ठाऊक. पण विचारायला काय हरकत आहे? लावला फोन, हे चित्र ज्यानं बनवलं त्याला. तो म्हणतो, "ताई, पंखा काय, पडदा चालू असला की फिरतोच. छान दिसतो म्हणून ठेवलाय." आणि आकडा? "सेन्सर बंद पडला की शेवटचा आकडा तसाच राहतो. तुमच्याच सांगण्यावरून केलंय." माझ्या? "आधी लाल व्हायचं, भोंगा वाजायचा, तर तुम्हीच म्हणालात ना, छातीत धस्स होतं, काहीतरी शांत करा..."

आता बोला.

मग मात्र उठलेच. जाड कोट चढवला, आत गेले. एरवी दोन मिनिटांत नाकाचा शेंडा बधिर होतो, त्या दिवशी नाकाला थंडीचा पत्ताच नाही. वर बघते तर खरा पंखा गपगार. भिंतीवरचा काचेचा साधा तापमापक, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तो म्हणतोय साडेसात. आठच्या वर गेलं की उद्या चारशे बाळांना टोचायच्या लसी सरळ कचऱ्यात. तेवढ्यात साहेब दार उघडून, "अगं, पण बाहेर तर हिरवं आहे ना?"

म्हटलं, "साहेब, आधी दार लावा."

बाहेर आले, दाराला पाठ लावून उभी राहिले, आता कुणी येऊन दाखवावं उघडायला, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला. उचलेनात. परत लावला. त्यांनी कट केला. परत... बोट काही थांबत नाही. आठव्यांदा उचलला.

"मॅडम, किती फोन? आत्ताच मोबाईलवर तुमची खोली बघितली मी. चार डिग्री. हिरवं आहे ना?"

म्हटलं, "बरं. मग असं करा, या आणि लसी तुमच्या मोबाईलमध्ये ठेवून घ्या."