चौथीची मिठाच्या खाणीतली सहल

हॅलो?… हो, ब्रेमर सरच बोलतोय… कोण? वीबके! अगं, चौथीतली ना? दोन वेण्यांची?… साठ वर्षांची झालीस? असू दे, माझ्या लेखी चौथीतच… थांब, ओव्हन बंद करतो. केक करपला तर बायकोचं बोलणं तुलाही ऐकावं लागेल… हं, बोल.

खाणीच्या ऑफिसातून?… वाचलं पेपरात. खाणीत पुरलेली किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं वर काढणार म्हणे… आणि पाणी कुठून झिरपतंय तेच सापडत नाही? मग मला काय विचारतेस? मी शाळामास्तर…

सहल… हो, हो, आठवते ना. पंचाहत्तर साल. यंत्रानं पिंपं उतारावरून ढकलायचे, ती गडगडत जायची आणि तुम्ही टाळ्या वाजवायचात… हो, भिंत चाटायला मीच लावलं होतं. ‘बघा, मीठ! लाखो वर्षं कोरडं आहे, पुढंही लाखो वर्षं राहील…’ अगदी पाठ आहे की गं तुझं!

काय?… नाही, विसरलो नाही. तू हात वर केलास. ‘सर, इथं ओलं आहे.’ आणि मी… नको, मलाच सांगू दे. मी म्हणालो, ‘वीबके, ती तुझीच लाळ आहे.’ सगळा वर्ग हसला. डेटलेफ सगळ्यात मोठ्यानं…

अगं ऐक ना. ऐक. तुम्ही पुढं गेल्यावर मी बोट लावून पाहिलं होतं… ओलंच होतं… बोललो कुणालाच नाही. वर्गासमोर ठासून सांगितलेलं मागे घ्यायला जड गेलं. आणि निम्मं गाव खाणीवर जगत होतं. तुझे वडीलसुद्धा…

जागा? लिहून घे. दुसरं वळण, लोखंडी दार, दाराच्या डावीकडे. तुझ्या खांद्याएवढ्या उंचीवर… चौथीतल्या खांद्याच्या, हं… काय? आता तिथं पिंपांचा ढीग आहे? भिंतीला टेकून?…

म्हणजे इतकी वर्षं पाणी पिंपांवरच झिरपतंय… नाही, तू समजूत नको घालूस माझी.

तुझ्याजवळ कोण आहे?… डेटलेफ पण? स्पीकर लाव… लाव म्हणतो ना! तेव्हा सगळ्यांसमोर तुझं हसं केलं… लागला?

मंडळी, मी ब्रेमर मास्तर. वीबके खरं बोलत होती. भिंत ओली होती. मला ठाऊक होतं…

डेटलेफ, ऐकलंस ना रे?… बरं… बरं. टोपी नीट घाल, तिच्याबरोबर खाली जा. ती दाखवेल तिथं, पिंपांच्या कडेनं, हात लावून बघ… खाणीत उतरणाऱ्यांना म्हणतात तसं, ग्लुक आउफ, पोरांनो. सुखरूप वर या… नाही, आधी तुम्ही ठेवा.