अहो-जाहो आणि पेपरमिंट

— नाही, भूत-बित नाही, पहिल्यांदा खटकली ती पेपरमिंटची गोळी. मॉडलेन मावशीचा पत्र्याचा डबा, रात्री त्यात अकरा गोळ्या होत्या, सकाळी दहा. म्हटलं, उंदीर असेल. पण उंदीर गोळी खाऊन कागदाची चौपदरी घडी घालून ठेवत नाही ना — निदान अबरहेनवीतले उंदीर तरी नाही, त्यांच्यात एवढी शिस्त असती तर गावाची ही दशा झाली नसती. सांभाळून, मिस्टर पेंबरटन, ती पायरी निसटते. आणि ते भूत शोधायचं यंत्र खिशात घाला हो, समोरच्या खेळांच्या मशिनांमुळे वाजतंय ते. मी दचकले नाही. मी अशीच उभी राहते. थांबा, कुलूप जरा अडतं — किल्ली डुप्लिकेट आहे, खरी सापडलीच नाही — हां. या आत.

तर हा बिंगोचा हॉल, आपल्या भुतांच्या फेरीतलं शेवटचं ठिकाण. समुद्रातल्या लाकडी धक्क्यावर टोपी शोधणारा कप्तान तुम्हाला दिसला नाही, त्याला माझा इलाज नाही, भरतीच्या वेळी तो येत नाही — आणि ओहोटीच्या वेळीही नाही, खरं सांगायचं तर. बेलव्ह्यू हॉटेलातला सात नंबरचा नळ, आपोआप वाहतो तो? वायसर गेलाय. मालक म्हणतो, टेगवेन, प्लंबर बोलावतो. मी म्हणते, बोलवा खुशाल, मग सात नंबरात उतरतंय कोण ते बघू. आणि किनाऱ्यावरच्या बाकावर दोन टोकांना बसलेल्या त्या दोघी बहिणी — त्या जिवंत आहेत. तुम्ही फोटो काढलात ते थोरलीला आवडलं नाही. मी सांगणारच होते, पण तुम्ही इतके खूश झाला होतात.

हे मी तुम्हाला का सांगतेय? सांगायचं नव्हतं. पण सोमवारी हा हॉल पाडतायत, म्हणजे आजची फेरी शेवटची, आणि ह्या एकाच ठिकाणी मी काही रचलेलं नाही. इथं मी खरोखर हाक मारते. मावशी इथं तीस वर्षं आकडे पुकारायची, त्या स्टेजवरून, त्या माइकवर — वायर कापलेली आहे, घ्या की हातात, बघा. काय आवाज होता. तिनं अठ्ठ्याऐंशी म्हटलं की बाहेरचे समुद्रपक्षी उडायचे.

कसली चूक विचारताय? मी चूक म्हणाले का? म्हणाले असेन. जूनमध्ये मी कार्डिफहून कॉलेज संपवून परत आले. आता असं बघा, आमच्या वेल्शमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘खी’ म्हणजे तुम्ही — तुमच्या इंग्रजीत राजाला आणि मांजराला एकच शब्द, सुखी आहात. कॉलेजात आम्ही सगळ्यांनाच ‘ती’ म्हणायचो, प्राध्यापकांनासुद्धा, त्यांनाही तरुण झाल्यासारखं वाटायचं. इथं तसं नाही. इथं चाळीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याला ‘खी’ म्हणते, ताट आपटतानासुद्धा. आणि मी — खेळ ऐन रंगात, हॉल भरलेला — मागच्या दारातून ओरडले, मावशी, किल्ली कुठं ठेवलीस? साठ बायकांची पेनं जागच्या जागी थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. मावशीनं हातातला आकड्याचा चेंडू खाली ठेवला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आपण कोण? माइकमध्ये. मग पुढचा आकडा.

त्यानंतर सहा आठवडे मला अहो-जाहो. एकाच घरात. आपण चहा घेणार का, आपल्याला उशीर होईल का — पुढंपुढं तर तेही मांजराकडे बघून. मला वाटत होतं, आधी तिनं हसावं. तिला वाटत होतं, आधी मी चुकलं म्हणावं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं नाही, मी शिकलेली ना. आणि एका गुरुवारी खुर्चीतच गेली — तोंडात पेपरमिंट होती. नाही हो, रडत नाहीये, ह्या हॉलमध्ये ओल फार आहे.

तेव्हापासून दर मंगळवारी इथं उभी राहून वेल्शमध्ये हाक मारते — आहेस का तू इथं? माझ्या कागदावर तसंच छापलंय, पाहुण्यांना घरगुती वाटावं म्हणून. दर फेरीला एक गोळी कमी होते, घडी सापडते, पण ओ नाही. आज सकाळी डब्यात एकच होती. हा बघा, माझ्या खिशात — वाजतोय ना? तर शेवटचं. मावशी, आहेस का तू इथं? — काही नाही. ऐकलंत तुम्हीच. चला, संपलं, छत्री विसरू नका.

काय? तुम्ही मारणार हाक? मारा की. काय वाचताय त्या वेल्श शिकायच्या चोपड्यातून — हो, ‘अदिख खी अमा’, तीच हाक, बरोबर, पण घशातून, खोकला आल्यासारखं — अरे देवा, काय हा उच्चार, ह्यानं मेलेलं माणूस पुन्हा — थांबा.

ऐकलंत? कागद. गोळीचा कागद सोलतात तसा, स्टेजवर. डबा तर माझ्या — रिकामा आहे. हलू नका. काय म्हणालात तुम्ही मघाशी? नाही, पुन्हा म्हणू नका, नुसतं सांगा. ‘खी’. तुम्ही ‘खी’ म्हणालात. म्हणणारच, परक्यांच्या चोपड्यात तेवढंच शिकवतात. आणि मी गाढव, अकरा मंगळवार माफी मागायला येतेय आणि हाक मारतेय त्याच शब्दानं. ओ देईल कशी ती बाई? बसली असेल तिथं पेपरमिंट चघळत, ही पोरगी कधी सुधारते बघत.

माझा हात धरा. नको, सोडा. असे बाजूला व्हा. — मॉडलेन मावशी. तुम्ही आहात का इथं? मी, टेगवेन. माझं चुकलं. ते — किल्ली कुठं ठेवलीत तुम्ही?

...

माइक. मिस्टर पेंबरटन, वायर कापलेली आहे, तुम्ही हातात घेऊन बघितलीत. — हो, मावशी. हो. — अस्तरात? थांबा हं — खिसा फाटलाय, खालपर्यंत गेलंय काहीतरी — ही बघा, किल्ली. जूनपासून माझ्याच कोटात. काय म्हणाली, कळलं नाही ना तुम्हाला? ‘तुझ्याच अस्तरात आहे, गाढवे.’ ‘तुझ्याच’. ‘तुझ्या’ म्हणाली मला. — या तुम्ही आता. फेरी संपली. दार ओढून घ्या, आणि हळू, घरचं बोलणं चाललंय.