आई न म्हणणारे डॉक्टर

आदरणीय अध्यक्ष डॉ. अरुंधती गाडगे, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले डॉ. धम्मानंद मेश्राम, रुग्णालयातील सर्व सहकारी आणि माझ्यासारखेच कधीतरी इथल्या बाकांवर ताटकळलेले नातेवाईकहो,

मी उत्तरा. पहिल्या रांगेत मांडीवर शाल घेऊन बसलेली सिंधूताई ही माझी आई.

पित्ताच्या खड्यामुळे तिला कावीळ झाली, तेव्हा डॉ. मेश्रामांनी पित्तनळीत प्लास्टिकची एक बारीक नळी बसवली. तिलाच स्टेंट म्हणतात. कावीळ उतरली, आई नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी रमली. मग मारबतीच्या दिवशी, सारं शहर पुतळ्यांच्या मिरवणुकीतून इडापिडा बाहेर नेत असताना, तिच्या पोटात कळ उठली. थंडी वाजून ताप आला. स्कॅनमध्ये दिसलं, नळी जागेवरून घसरून आतड्यात उतरली होती आणि तिचं टोक आतड्याच्या भिंतीत घुसलं होतं.

खरं सांगू? मी आधीपासूनच डॉक्टरांवर नाराज होते. आपल्या नागपुरात म्हाताऱ्या बाईला नर्स, ऑटोवाला, सारेच आई म्हणतात. हे मात्र ‘सिंधूताई’ म्हणत. आई त्यांना ‘लेका’ म्हणे. हे नुसती मान हलवत.

त्या दिवशी त्यांनी समजावलं, नळी दुर्बिणीतून काढता येईल. पण ती निघाली की तिनेच बुजवलेलं भोक उघडं पडेल. ते आतून लगेच बंद झालं नाही, तर पोट उघडावं लागेल. आईचं हृदय आधीच कमजोर. ते ऑपरेशन तिला झेपेल, असं कुणीच म्हणेना. आणि नळी तशीच ठेवली, तर विष पोटभर पसरणार.

मी विचारलं, “तुमची आई असती तर काय केलं असतं?” असं विचारणं योग्य होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, “माझी आई असती तर मी हात लावला नसता. हात थरथरला असता. म्हणून मी कुठल्याच पेशंटला आई म्हणत नाही.”

स्ट्रेचरवरून आई म्हणाली, “जाऊ दे वं उत्तरा. त्याले त्याचं काम करू दे. मी काई त्याची माय नाही.”

दार बंद झालं. गरज पडलीच तर म्हणून सर्जन शेजारच्या खोलीत हातमोजे घालून, हात वर धरून उभे होते. मी दाराच्या काचेतून त्या हातांकडेच बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते हात खाली आले. माझ्या मनात आलं, संपलं. मग सर्जननी हातमोजे काढले आणि ते हसले.

डॉक्टर, आजपासून आईची कुठलीच नळी तुमच्या हाती नाही. तुमच्या खांद्यावर शाल आईच घालणार आहे. तिने ‘लेका’ म्हटलं, तर आज नुसती मान हलवू नका.

एका नातेवाइकाच्या हाती माईक दिलात, आभारी आहे. बोलण्यात कुठे मानपान राहिला असेल, एखादा शब्द टोचला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

ये वं आई, शाल आण.