शौनकला पाठ असलेला नंबर

तेजश्री : ओटीपी सांगा काका.

चिंतामण : कुठला ओटीपी?

तेजश्री : आत्ता पाठवलाय ना. तुमच्या नंबरवर सहा आकडे येतील, ते सांगा. त्याशिवाय तुमची तक्रार मला स्क्रीनवर उघडता येत नाही.

चिंतामण : तक्रार काय आहे माझी?

तेजश्री : नंबर बंद आहे.

चिंतामण : मग बंद नंबरवर ओटीपी येईल कसा?

तेजश्री : सिस्टीम तशीच आहे काका. मी तरी काय करू?

चिंतामण : तुम्ही काहीच करू नका. चार वेळा येऊन चार वेळा हेच ऐकलंय मी. दर वेळी टोकन घ्यायचं, दीड तास त्या लाल खुर्चीवर बसायचं, मग तुम्ही ओटीपी मागायचा. घरी गेलं की तुम्हीच दिलेल्या नव्या सिमवर मेसेज येतो, 'आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे, आम्हाला पाचपैकी किती स्टार द्याल?' मी घरी बायकोला विचारतो, गोदावरी, झालं का गं आपलं निराकरण?

तेजश्री : आवाज खाली ठेवा प्लीज. मागे बाकीचे कस्टमर आहेत.

चिंतामण : आवाज वर नाहीये माझा. तुम्हाला तो सवयीने वर वाटतो.

तेजश्री : बरं. आधार कार्ड द्या. आधारवरून उघडतं का बघते. तोवर सांगा, नंबर कधीपासून बंद आहे?

चिंतामण : ते तुम्ही मला सांगायचं. मोबाइल घरी देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. गोदावरी त्याच्यासमोरून हलत नाही. बाजार मी करतो, दूध मी आणतो. ती बसून असते. संक्रांतीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, रेंजच्या काड्या दिसत नाहीत. तसाच इथे आलो. तुम्ही लोक म्हणालात, नाशिक रोडला आमच्या टॉवरचं काम चालू आहे, बहात्तर तासांत येईल रेंज.

तेजश्री : हं.

चिंतामण : बहात्तर तास कशाला, दोन महिने थांबलो. मार्चमध्ये पुन्हा आलो, तर तुमच्या त्या कोपऱ्यातल्या मुलाने नवीन सिम गळ्यात मारलं. ऑफर होती म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, मला नवा नंबर नकोय, जुना हवाय. तो म्हणाला, घेऊन ठेवा, जुना पण चालू होईल. जूनमध्ये तिसऱ्यांदा आलो. त्याच्या आधी शेजारच्या राजने त्याच्या मोबाइलवरून आमचा नंबर लावून पाहिला होता, तर भलताच माणूस बोलला. मला वाटलं, क्रॉस कनेक्शन लागलं. पूर्वी लँडलाइनला लागायचं तसं. ते पण मी इथे सांगितलं. लिहून घेतलं कुणीतरी.

तेजश्री : काका... मोबाइलला क्रॉस कनेक्शन नसतं.

चिंतामण : मग तो माणूस कोण?

तेजश्री : एक मिनिट. उघडलं. शेवटचं रिचार्ज कधी केलं होतं?

चिंतामण : दर महिन्याला करायचो. एक तारखेला, दहा रुपयांचं. रेंज जाईपर्यंत एकही महिना चुकवला नाही.

तेजश्री : दहाचा टॉपअप?

चिंतामण : हो. त्या फोनवरून आम्हाला कुठे बोलायचंय? फक्त यायला हवा. लाइफटाइम कार्ड आहे ते. घेतलं तेव्हा पाकिटावर छापलेलं होतं, इनकमिंग आयुष्यभर फुकट. पाकीट अजून आहे माझ्याकडे. दाखवू?

तेजश्री : नको काका. लाइफटाइम कधीच बंद झालं. आता व्हॅलिडिटीचा पॅक मारावा लागतो. टॉपअपने नंबर जिवंत राहत नाही.

चिंतामण : मग दहा रुपये घेत का होतात दर महिन्याला?

तेजश्री : तसे मेसेज पाठवले होते आम्ही. सात वेळा. इथे दिसतंय.

चिंतामण : इंग्रजीत?

तेजश्री : हो.

चिंतामण : रोज वीस मेसेज यायचे तुमचे. गाणी लावा, क्रिकेट बघा, लोन घ्या. त्यात हे सात होते होय.

तेजश्री : काका, स्पष्टच सांगते. डिसेंबरात तुमचा नंबर डीॲक्टिव्हेट झाला. एप्रिलमध्ये तो दुसऱ्या कस्टमरला दिला गेलाय. आता तो तुम्हाला परत मिळू शकत नाही.

चिंतामण : दुसऱ्याला दिला.

तेजश्री : नियमच आहे तसा. ठरावीक दिवस थांबून नंबर पुन्हा वापरात आणतात.

चिंतामण : मी प्रेसमध्ये होतो ताई. इथल्याच. चौतीस वर्षं नोटांवरचे नंबर तपासले. एक नंबर दोन कागदांवर आलाय अशी नुसती शंका जरी आली, तरी अख्खी पाळी थांबायची. जेवायलासुद्धा कुणाला बाहेर सोडायचे नाहीत. आणि तुम्ही माझा नंबर उचलून सरळ दुसऱ्याला देता?

तेजश्री : काका, तुमचा एवढा जीव का त्या नंबरवर? बँकेला जोडलेला असेल तर मी फॉर्म भरून देते, नवा नंबर लागेल. गॅसचं, आधारचं, सगळं बदलता येतं.

चिंतामण : बँकेचं नाही हो. आमचा मुलगा हरवलाय.

तेजश्री : काय?

चिंतामण : शौनक. वयाने बावीस. समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. जन्मापासूनच. चौदा महिने झाले. रोज संध्याकाळी मी त्याला स्टेशनवर आगगाड्या दाखवायला न्यायचो. त्या दिवशी मी प्लॅटफॉर्म तिकीट काढायला खिडकीकडे वळलो. दोन मिनिटं. तेवढ्यात गाडी लागली होती, ती सुटली. कुठली गाडी, तो चढला की नाही, कुणी पाहिलं नाही. कॅमेऱ्यात नुसती गर्दी दिसते.

तेजश्री : पोलीस?

चिंतामण : केली तक्रार. ते शोधतात म्हणतात. मी पण सहा महिने फिरलो. मनमाड, भुसावळ, इटारसी. पण तो स्वतःहून सापडेल तो एकाच रस्त्याने. मागच्या कुंभमेळ्याला तो अकरा वर्षांचा होता. गर्दीत हात सुटला तर काय, म्हणून मी त्याच्याकडून हा नंबर पाठ करून घेतला. चार महिने लागले. रोज जेवायच्या आधी म्हणायचा. त्याला स्वतःचं आडनाव सांगता येत नाही, नाशिक सांगता येत नाही. बापाचं नाव विचारलं तर 'बाबा' म्हणतो. दहा आकडे मात्र कधी चुकत नाही. तो जिथे असेल तिथे कुणीतरी विचारलंच असेल, आणि त्याने हाच नंबर सांगितला असेल. दुसरं त्याला येतच नाही काही.

तेजश्री : पत्रकं छापली असतील ना तुम्ही?

चिंतामण : दोन हजार. त्यांच्यावरही हाच नंबर.

तेजश्री : दुसरा एखादा नाही टाकला? राजचा, पोलिसांचा?

चिंतामण : सगळे म्हणत होते टाका. मीच अडून बसलो. त्याला आकडे ओळखता येतात. कुणी त्याच्यापुढे कागद धरला, तर त्यावर त्याचा एकच नंबर दिसला पाहिजे. दोन बघून तो बावचळला असता. चौतीस वर्षांची अक्कल माझी, कागदावरचं आणि तोंडातलं जुळलं पाहिजे.

तेजश्री : पाणी देऊ का काका?

चिंतामण : नको. एक सांगा. संक्रांतीला मी इथे आलो होतो. त्या दिवशी कुणी नीट बघून सांगितलं असतं, तर मिळाला असता नंबर?

तेजश्री : ते बघावं लागेल काका.

चिंतामण : ओटीपी लागणार नाही याला.

तेजश्री : मिळाला असता. तेव्हा तो कुणालाच दिलेला नव्हता. पॅक मारून, अर्ज भरून दोन दिवसांत चालू झाला असता.

चिंतामण : कोण होतं त्या दिवशी या खुर्चीवर?

तेजश्री : इथे नुसतं 'नेटवर्क इश्यू, क्लोज्ड' लिहिलंय.

चिंतामण : नाव नसतं?

तेजश्री : आयडी असतो. माझाच आहे काका. मला तुम्ही आठवत नाही. खरंच आठवत नाही. दिवसाला नव्वद टोकनं असतात, एका माणसाला चार मिनिटं. रेंज नाही म्हटलं की टॉवर सांगून क्लोज करायचं, असंच शिकवलंय आम्हाला. मी नंबरची माहिती उघडूनसुद्धा बघितली नाही.

चिंतामण : गोदावरीला मी सांगत आलो, त्याचा फोन येत नाही म्हणजे त्याला कुणी अजून विचारलं नसेल. ती म्हणायची, माणसं इतकी वाईट नसतात हो. आठ महिने ती मेलेल्या फोनसमोर बसलीये. रिंग ऐकू यावी म्हणून कुकर लावत नाही, मिक्सर लावत नाही.

तेजश्री : थांबा. आपण त्या नंबरला फोन करू. कंपनीच्या फोनवरून मला परवानगी नाही, माझ्या मोबाइलवरून लावते. तुम्ही बोला.

(तेजश्री नंबर लावते आणि मोबाइल स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवते.)

दिनेश : हॅलो. कोण?

चिंतामण : नमस्कार. मी नाशिक रोडवरून चिंतामण—

दिनेश : काय पायजे?

चिंतामण : तुमचा हा जो नंबर आहे, तो आधी माझा होता.

दिनेश : आरं, तुम्हीच का ते ओटीपीवाले? लय दिवसांपासनं छळ मांडलाय. आज बी आला एक, आत्ताच. मी काय येडा नाय, ओटीपी सांगणार नाय. पोलिसात देईन.

तेजश्री : दादा, फोन ठेवू नका. मी मोबाइल कंपनीच्या ऑफिसातून बोलतेय. ओटीपी मीच पाठवला होता, काकांच्या तक्रारीसाठी. तुम्ही कुणालाच सांगू नका, बरोबर आहे तुमचं. फक्त काकांचं ऐकून घ्या.

दिनेश : बोला मग लवकर. गिऱ्हाईक उभं हाय.

चिंतामण : आपलं नाव?

दिनेश : दिनेश. पेठचा. भाजीची गाडी हाय माझी, आन थोडी शेती.

चिंतामण : दिनेशराव, माझा मुलगा हरवलाय. त्याला हा एकच नंबर पाठ आहे. तुमच्याकडे कुणाचा फोन आला होता का? एखादा मुलगा सापडलाय, असं सांगणारा?

दिनेश : (गिऱ्हाइकाला) जरा थांब रं.

चिंतामण : हॅलो?

दिनेश : हाय, ऐकतोय. काका, कसा मुलगा?

चिंतामण : उंच आहे. बावीसचा. पण बोलतो लहान मुलासारखा.

दिनेश : एक फोन आला होता. भाताची आवणी-लावणी चालू होती तवा. म्हंजे महिना-दीड महिना झाला. हिंदीत बाई बोलत होती. म्हणली, आपका लड़का हमारे पास है.

चिंतामण : मग?

दिनेश : मला वाटलं ते फ्रॉडवालं. आमच्या गावात दोघांना असेच फोन आले. तुमचा पोरगा पकडलाय, पैसे टाका. एकाचं चाळीस हजार गेलं. आन माझा पोरगा, रुद्र, तिथंच माझ्या बाजूला चिखलात उभा. मी म्हणलो, माझा पोरगा माझ्यापाशी हाय, तुमचं दुकान दुसरीकडं मांडा.

चिंतामण : त्या काय म्हणाल्या?

दिनेश : परत फोन केला तिनं. दोनदा. मी शिव्या घातल्या काका. लय घाण घातल्या. मग नाय आला.

तेजश्री : दादा, तो नंबर असेल ना तुमच्या मोबाइलमध्ये?

दिनेश : नाय ताई. तो मोबाइल त्याच आठवड्यात पाण्यात पडला. हा नवा हाय. तुमच्याकडं असल ना सगळं? कोण कुठून बोललं ते?

तेजश्री : असतं. पण पोलिसांचं पत्र आल्याशिवाय काढून देत नाहीत. पत्र आलं तरी मुंबई ऑफिसला जातं. किती दिवस लागतील, सांगता येत नाही.

चिंतामण : कुठून बोलते, असं काही म्हणाल्या का त्या बाई? गाव, आश्रम, स्टेशन?

दिनेश : म्हणली होती कायतरी. मी ऐकलंच नाय. हात चिखलात, डोस्कं गरम. काका, मी रोज देवाचं नाव घेणारा माणूस हाय. मला ठाव असतं तर—

चिंतामण : तुमचं काही चुकलं नाही. सगळीकडे तेच सांगतात, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. मागे कुणाचा आवाज येत होता?

दिनेश : कुणाचा?

चिंतामण : मुलाचा.

दिनेश : पोरं होती बरीच. कालवा होता. एक कोणतरी मोठ्यानं हसत होतं.

चिंतामण : हसत होता.

दिनेश : हां. त्यानं तर मला आनखी राग आला. वाटलं, माझी मजा घेतायत.

चिंतामण : बरा आहे म्हणजे. जेवत असेल.

तेजश्री : काका, बसा तुम्ही. खुर्ची घ्या.

दिनेश : ताई, हा नंबर त्यांच्या नावावर करा. मी आत्ता सोडतो. मला काय, दुसरा घेईन.

तेजश्री : नाही होत दादा. आमच्याकडे प्रीपेडचं नाव फक्त रक्ताच्या नात्यात बदलतं. आणि तुम्ही सोडलात तर तो पुन्हा बंद होऊन पडून राहील कितीतरी महिने. त्यानंतर कुणाला जाईल, ते आमच्या हातात नाही.

दिनेश : असला कसला नियम ओ? मी देतोय, ते घेतायत, आन तुमच्या मधल्या मधी का पोटात दुखतंय?

तेजश्री : काका, सर आलेत मागे. मला पुढचं टोकन घ्यावं लागेल. पोलिसांचं पत्र आणा, मी स्वतः पाठपुरावा करते. हा माझा पर्सनल नंबर, लिहून घ्या.

चिंतामण : घेतो. अर्धं मिनिट द्या मला. दिनेशराव, आहात का?

दिनेश : हाय काका. सांगा, मी काय करू?

चिंतामण : नंबर सोडू नका. रिचार्ज मी मारत जाईन, पुऱ्या पॅकचं, तुम्ही चिंता करू नका. फक्त पुन्हा कुणी विचारलं ना, हा मुलगा तुमचा का, तर आधी हो म्हणा.