पहिल्या ओळीवर थांबलेला माणूस

आदरणीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी. आजचे सत्कारमूर्ती आणि त्यांच्या शेजारी जरा संकोचून बसलेल्या वहिनी. आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी नोंदणी विभागातली. मला फॉर्म भरून घ्यायची सवय, भाषणाची नाही. सांभाळून घ्या.

संगणक विभागाच्या या प्रमुखांना आपण सगळे कुलूपकाका म्हणतो. (होय काका, तोंडावर नाही, पण म्हणतो.) पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला, की ती चिठ्ठी यांच्या खिशात गेलीच समजा. किती बोलणी खाल्ली त्यांनी आपली!

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. एका शिक्षिकेच्या आजाराची माहिती आपल्याकडून बाहेर फुटली. शाळेत गवगवा झाला, तिची नोकरी गेली. साहेबांच्या खोलीत येऊन ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्याकडे बरी व्हायला आले होते." साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला : सगळ्यांचे मेल तपासा. चुकलं का त्यांचं? तिच्या जागी आपली लेक असती, तर आपण वेगळं काय केलं असतं?

तपासात माझं नाव वर आलं. दर सोमवारी माझ्या टेबलावरून बाहेरगावी एक मेल जायचा, सोबत फाइल. त्यात विभाग नोंदणीचा. संशयाला आणखी काय हवं?

काका आले, दार लोटून उभेच राहिले.

"ताई, तुमचा एक मेल मी उघडला. पहिली ओळ वाचली आणि बंद केला. वाचलेलं काही न वाचलेलं होत नाही, म्हणून सांगायला आलो."

"लाज नाही वाटली?" मी कडाडले.

"वाटली. म्हणूनच आलो."

ती ओळ होती, "डॉक्टर, या आठवड्यात तीन दिवस अंथरुणातून उठावंसंच वाटलं नाही." मी नैराश्यावर उपचार घेत होते. घरी सांगितलं नव्हतं. इथे कुजबूज नको म्हणून डॉक्टर बाहेरगावचा. फाइलमध्ये माझ्या झोपेची आणि गोळ्यांची टिपणं, हेही मी रागारागात काकांना तिथेच ऐकवलं. घरच्या संगणकावर मुलं बसायची, म्हणून ते इथून पाठवायचे. नियम मोडला होता, तेही खरंच.

काकांनी साहेबांना सांगितलं, "तो मेल त्यांचा खासगी आहे, रुग्णांचं त्यात काही नाही. याहून जास्त मी बोलणार नाही."

साहेब भडकले. "अख्ख्या रुग्णालयाची अब्रू मोठी, की एका बाईचं गुपित?"

"साहेब, ती शिक्षिकाही एक बाईच होती."

(साहेब मान डोलवताहेत, म्हणजे मी पदरचं काही घातलेलं नाही.)

मग काकांनी मेल सोडले आणि तीन दिवस कागदांच्या मागे पायी फिरले. बाहेरच्या व्हरांड्यातल्या प्रिंटरवर तपासणीचे अहवाल तासन्‌तास पडून असायचे. येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही उचलावेत! शिक्षिकेचा अहवाल तिथूनच गेला होता. काखेत कळसा आणि आमचा गावाला वळसा. प्रिंटर बंद खोलीत गेला. साहेब स्वतः त्या शाळेत जाऊन आले. तरी तिची नोकरी परत मिळाली नाही. ते आपल्या माथी आहेच.

मी काकांशी चार महिने बोलले नाही. समोर दिसले की ती ओळ आठवायची, अंग चोरून जायचे. शेवटी एक दिवस आपणहून साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेता ना?" त्याच आठवड्यात नियम झाला : कुणाचा मेल उघडायचाच असेल, तर कारण लिहून आणि त्या माणसाच्या समोर. तो आजही आहे.

वहिनी, मघाशी तुम्ही चमकून माझ्याकडे पाहिलंत. म्हणजे आठ वर्षांत यांनी तुमच्यापाशीही अवाक्षर काढलेलं नाही. मला खात्री होती. आज डोळ्यांनी पाहिलं.

संयोजकांचे मनापासून आभार. पाच मिनिटं दिली होती, मी ताणली. कुणाचा उल्लेख राहिला, काही चुकलं, ते सगळं सभेने पोटात घालावं. त्या चार महिन्यांच्या अबोल्याची माफी मात्र सभेकडे नाही, काकांकडे मागते.

नमस्कार.